हेलिचेमचं पाणी

काश्गरजवळच्या येंगीसारमध्ये चाकूवाल्यांच्या गल्लीत हेलिचेमबद्दल कुणी चांगलं बोललेलं फारसं ऐकू येत नसे. एक तर ती खोतानची, रेशीम रंगवणाऱ्या रंगाऱ्याची मुलगी. लोहाराच्या घरात लोहाराचीच मुलगी यायला हवी, तर तिच्या नवऱ्याने, कसबी कारागीर बारात उस्तांनी, वाळवंटाच्या काठाकाठाने गाढवगाडी हाकत जाऊन ही आणली. दुसरं म्हणजे तिची जीभ. शेजारणीने चाळण मागितली तर ती देई, नाही असं नाही, पण "गेल्या खेपेला भोकं मोठी करून परत दिलीस, आता तरी जपून वापर" असं सुनावल्याशिवाय देणार नाही. तीस वर्षं गल्लीत काढून तिला एक मैत्रीण जोडता आली नव्हती. याचं तिला वाईट वाटायचं. पण कुणी विचारलंच असतं तर तिने विचारणाऱ्यालाच चार शब्द ऐकवले असते.

बारात उस्ता मात्र सगळ्यांचे लाडके. कुणाच्या अध्यात नाहीत की मध्यात नाहीत. त्यांच्या पात्यावर अर्धा चंद्र आणि खाली तीन ठिपके असा शिक्का असे. काश्गरचे दुकानदारसुद्धा पातं उलटं करून आधी तो शिक्का शोधायचे आणि मगच भाव विचारायचे. सरकारने सगळ्यांना एकाच कारखान्यात जुंपलं होतं त्या दिवसांत शिक्के पेट्यांत बंद होते. पुढे घरच्या भट्ट्या पुन्हा पेटल्या, शिक्के बाहेर निघाले, आणि नेमके त्याच साली उस्तांचे डोळे दगा देऊ लागले. चाळीस वर्षं भट्टीत बघून बघून ते भाजून निघाले होते. माणूस दिसे, हातोडा दिसे, रंग दिसेना.

आणि चाकूवाल्याला रंग दिसला नाही की सगळं संपलं. पोलाद लाल करून पाण्यात बुडवलं की ते कडक होतं, पण काचेसारखं ठिसूळही होतं. म्हणून त्याला जरासा ताव परत द्यावा लागतो. तेव्हा घासलेल्या पात्यावर एकामागून एक रंग चढतात. आधी वाळल्या गवताचा पिवळा, मग जर्दाळूचा, मग तांबूस, मग जांभळा, शेवटी निळा. निळ्यापर्यंत गेलं की पातं मेलं, त्याने टरबूजही धड कापलं जाणार नाही. नेमकं कुठे थांबवायचं हे ज्याचं त्याचं गुपित. यालाच पाणी देणं म्हणतात. भर दुपारीसुद्धा दाराला जाड लोकरी नमद्याचा पडदा लावून हे काम करतात, कारण उजेडात रंग कळत नाही. आणि शेजाऱ्याला तो कळू नये, हेही असतंच.

"झाला का गं पिवळा?" असं उस्तांनी पहिल्यांदा विचारलं तेव्हा हेलिचेम चहा घेऊन आत आली होती.

"कुठला पिवळा? मला तर तीन पिवळे दिसतायत," ती म्हणाली.

उस्ता बघतच राहिले. त्यांना जन्मभर एकच पिवळा दिसला होता. ही रंगाऱ्याची मुलगी, हिला तीन दिसत होते. त्या दिवशी ती नुसती "थांबा, थांबा, आता!" एवढंच म्हणाली. महिन्याभरात सांडस तिच्या हातात आली. वर्षभरात तिने मिठाचं पाणी किती कोमट असावं, धार आधी बुडवून पाठीचा ताव धारेकडे कसा उतरू द्यावा, दुंब्या मेंढ्याच्या शेपटीची चरबी केव्हा वापरावी, हे सगळं आपल्या मनाने बदललं. उस्तांनी अडवलं नाही. पाती पूर्वीपेक्षा सरस निघू लागली आणि गल्लीत सगळे म्हणू लागले, बारात म्हातारपणी पेटला बुवा! हेलिचेम ते ऐके आणि मुकाट्याने पीठ मळे. सहा वर्षं हे असं चाललं. कुणाला कळलं असतं तर उस्तांची गल्लीत छीथू झाली असती, कारण भट्टीला बाईचा हात लागला की कामातली बरकत जाते, असं इथे सगळे मानतात.

चौऱ्याऐंशी सालच्या शरदात एर्शिदिन मुअल्लिम आला. इली खोऱ्याकडचा, तिशीचा, शाळामास्तर, दातात पेन्सिल. शब्दकोशाच्या कामासाठी त्याला कसबी लोकांचे शब्द गोळा करायला धाडलं होतं, आणि त्याने सुरुवात कशाने करावी, तर आमच्या गल्लीत येऊन 'पिचाक' या शब्दापासून. पिचाक म्हणजे चाकू. सबंध गल्ली ज्याच्यावर जेवते तो शब्द.

चहाच्या दुकानात त्याने सगळ्या उस्तांसमोर विचारलं, "पिचाक हा शब्द कुठून आला असेल, काय वाटतं तुम्हाला?"

सोपी आखून म्हणाले, "वाटायचं काय त्यात? हजरत दाऊदना लोखंड मेणासारखं मऊ करून मिळालं, त्यांनी पहिला पिचाक केला. आमच्या रिसाल्यात आहे." सोपी आखून ऐंशीचे, गल्लीतले सर्वांत जुने उस्ता. धंद्याचा रिसाला, म्हणजे कामाची उत्पत्ती, दुवा आणि नियम लिहिलेली ती तळहाताएवढी वही, कातडी पिशवीत घालून ते गळ्यात बाळगत.

"वस्तूचं ते झालं, आखूनम," मुअल्लिम अदबीने म्हणाला. "मी शब्दाचं म्हणतोय. शब्द आपल्या तुर्की लोकांचा आहे, हजार वर्षांपूर्वीच्या लिखाणात सापडतो. मूळ धातू 'बिच', म्हणजे कापणं. ज्याने कापतात तो बिचाक. आपण त्याचा पिचाक केला. उझ्बेक पिचोक म्हणतात, कझाक पिशाक, किरगीझ बिचाक, पलीकडचे तुर्कही बिचाकच म्हणतात. पार उत्तरेला बर्फात याकूत राहतात, ते बिहाख म्हणतात. सगळी एकाच घरातली भावंडं."

"आणि तो धातू आता आपल्याकडे कुठे राहिलाय?" कोपऱ्यातून हुदाबेर्दीने विचारलं. हा बारात उस्तांचा धाकटा भाऊ.

"शिंप्यांकडे. कापड बेततात ना, त्याला पिचणं म्हणतात."

"आणि बोकड खच्ची करतात त्यालाही तेच म्हणतात, मास्तर. ते नाही लिहिलंत?"

"लिहिलंय."

"म्हणजे आमचा खानदानी धंदा शिंप्यांचा आणि बोकड खच्ची करणाऱ्यांचा! वा! दाऊद पैगंबर गेले, शिंपी आले!" दुकानभर हशा झाला, पण त्यात मजा नव्हती. सोपी आखून हसले नाहीत. त्या दिवसापासून मुअल्लिमला कुणी भट्टीपाशी उभं करीना. नऊ दारांतून "उस्ता घरी नाहीत" असं उस्तांनी स्वतःच सांगितलं.

फक्त बारात उस्तांनी त्याला आत घेतलं. तो रोज येऊन ऐरणीशेजारी बसे आणि कानशीचे, मुठीचे, हाडाच्या जडावाचे शब्द उतरवून घेई. हेलिचेमला तो आचा, म्हणजे ताई, म्हणे. एकदा डोंगरातला एक किरगीझ धनगर आला. त्याने अंगठ्याच्या नखावर धार टेकवून पाहिली, "बिचाक, बिचाक" म्हणत मान डोलावली आणि तोच चाकू कमरेला लावून गेला. मुअल्लिम पोरासारखा उठून त्याच्यामागे धावला, पुन्हा एकदा म्हण म्हणून. हेलिचेम दारातून बघत होती. तिला हसू आलं आणि मत्सरही वाटला. एवढ्याशा शब्दाला याकूतांपर्यंत सोयरेधायरे, आणि आपल्याला तीस पावलांवरची शेजारीण नाही. हे तिने उस्तांना त्या रात्री बोलूनही दाखवलं. उस्ता म्हणाले, "तू शब्दासारखी गप्प बसत जा, म्हणजे मिळतील."

एका दुपारी मुअल्लिमने न विचारता पडदा बाजूला सारला. आत उस्ता स्टुलावर नुसतेच बसलेले, आणि हेलिचेमच्या हातात सांडस, सांडशीत पातं, पात्यावर रंग चढत असलेला.

"पडदा टाक, मेल्या! घालवलास ना रंग!" ती ओरडली आणि पातं राखेत फेकून दिलं.

मुअल्लिम पांढराफटक पडला. उस्तांनी त्याला जवळ बसवलं आणि डोळ्यांचं, सहा वर्षांचं, सगळं सांगितलं. "बाळ, हे लिहू नकोस," शेवटी ते म्हणाले. मुअल्लिमने भाकरीवर हात ठेवून शपथ घेतली की लिहिणार नाही. आमच्याकडे नानवर हात ठेवला की विषय संपला.

हिवाळ्यात उस्तांच्या छातीत कफ साठला आणि जर्दाळूला कळ्या आल्या तेव्हा ते गेले.

तिसऱ्याच दिवशी हुदाबेर्दी अंगणात येऊन बसला. वीस वर्षांपूर्वी एक हंगाम त्याने भावाच्या भट्टीवर काम केलं होतं आणि मग "धुराने डोळे चुरचुरतात" म्हणून मोटार अड्ड्यावर चाकूंची टपरी टाकली होती. दहा घरचा माल तो विकायचा. त्यातला निम्मा पत्र्यापेक्षा बरा म्हणावा इतपतच.

"येंगे," तो म्हणाला. थोरल्या भावाला आका म्हणतात तसं भावाच्या बायकोला येंगे म्हणतातच, पण तो येंगे म्हणायचा तेव्हा कुणी दारात आलेल्याला हटकावं तसं वाटे. "शिक्का कुठे ठेवलाय आकाने?"

"कशाला? जनाजा उठून तीन दिवस झाले. चूल तरी पेटू दे घरात."

"जपून असावा म्हणून विचारलं. घरात पुरुष नाही आता."

"तू आलास म्हणजे आहे असं नाही होत."

हुदाबेर्दी हसला. "चाळिसाव्याला रीतीप्रमाणे होईल काय ते. उस्ताच्या भट्टीवर ज्याने पाणी दिलं त्याचा शिक्का. मी दिलंय, गल्लीला माहिताय. तुझी दोन वेळची सोय मी बघीन, रस्त्यावर नाही टाकणार."

तो गेल्यावर हेलिचेमने शिक्का पेटीतून काढून कमरेच्या फडक्यात बांधला. तो कशासाठी हवा होता हे तिला स्वच्छ कळत होतं. त्या टपरीवरच्या पत्र्यांवर अर्धा चंद्र आणि तीन ठिपके मारले की रातोरात ते बारात उस्तांचे चाकू होणार. दोन वर्षांत त्या खुणेवर लोक थुंकले असते. तिच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. आणि रीत तर तिच्याच बाजूने होती! पाणी कुणी दिलं होतं? पण ते बोलायचं म्हणजे मेलेल्या नवऱ्याची अब्रू गल्लीत मांडायची. ते ती करणार नव्हती.

चाळिसाव्याचं जेवण तुती पिकल्या तेव्हा झालं. अंगणात गालिचे पसरले होते, नऊ उस्ता भिंतीला टेकून बसले होते, मोठ्या कढईत गाजर-मटणाचा पोलो शिजत होता. बायका आतल्या खोलीत होत्या. हेलिचेम पांढरा रुमाल बांधून उंबऱ्यात उभी होती. मुअल्लिमही दुखवट्याला आला होता, दोन दिवसांचा प्रवास करून. सोपी आखूनांनी रिसाल्यातलं वाचलं, सगळ्यांनी हात तोंडावरून फिरवले, आणि मग ते म्हणाले, "शिक्का आणा."

तिने फडकं सोडून शिक्का त्यांच्यासमोर ठेवला. द्यावाच लागला.

"बारातच्या भट्टीवर पाणी कुणी दिलं, त्याने पुढे यावं."

हुदाबेर्दी उठला. "मी दिलं, आखूनम. आणि आकाची शेवटची पाती बघा, म्हणजे आमच्या घराचं पाणी काय आहे ते कळेल. हे त्याने गेल्या शरदात केलेलं." त्याने चाकू काढून फिरवला. उस्तांनी तो हातोहात घेतला, धार पाहिली, माना डोलावल्या. "हेच पाणी मी शिकलोय. हेच पुढे चालवीन."

आणि तेव्हा त्या मास्तरड्याला कंठ फुटला. "पण हे पाणी तर हेलिचेम आचांनी दिलेलं आहे!"

कढईतला झाराही थांबला.

"काय म्हणालास?" सोपी आखून म्हणाले.

"मी डोळ्यांनी पाहिलंय. उस्तांना रंग दिसत नव्हता. सहा वर्षं सगळी पाती आचांनीच..." एवढं बोलल्यावर त्याला सगळ्यांची तोंडं दिसली आणि तो हेलिचेमकडे वळला. "आचा, मी लिहिलं नाही हो. शपथ मोडली नाही. नुसतं बोललो."

"लिहिलं असतंस तर बरं झालं असतं!" हेलिचेम उंबरा ओलांडून बाहेर आली. "तुझं लिहिलेलं वाचतो कोण? चाळीस दिवस मी दात दाबून बसले, आणि तू एका वाक्यात माझ्या माणसाला थडग्यातून उपसून इथे मांडलंस! शब्दांची मुळं खणायला आलास आणि माझं घर खणलंस रे!"

मुअल्लिमने मान खाली घातली. तो रडत होता, पण तिला त्याची दया आली नाही.

मग गल्ली तुटून पडली. एक म्हणाला, म्हणजे सहा वर्षं आम्ही बाईच्या हातचा माल बारातचा म्हणून वाखाणला? दुसरा म्हणाला, हे हरामच की. आतल्या खोलीतून एक बाई म्हणाली, तरीच हिच्या हाताला कायम चरबीचा वास! हुदाबेर्दी सगळ्यांत मोठ्याने म्हणाला, "खोटं आहे! रंगाऱ्याची पोर काय पाणी देणार? हिने फार तर फडकी रंगवावीत. मास्तरला चहा पाजून पढवलाय हिने."

आता हे मात्र फार झालं. सगळं उघडं पडलंच होतं, मग झाकायचं तरी काय? हेलिचेम सोपी आखूनांसमोर जाऊन उभी राहिली. "रीत काय आहे, आखूनम? पाणी दिलं त्याचा शिक्का. त्यात पुरुषाने दिलं असं आहे?"

"तसं लिहिलेलं नाही," म्हातारा सावकाश म्हणाला. "कारण तसं लिहायची वेळ येईल असं कुणाला वाटलं नव्हतं."

"मग दिलंय मी. भट्टी तयार आहे. कुणाचंही कोरं पातं आणा, आत्ता देते."

"सगळ्यांसमोर दे."

"सगळ्यांसमोर देऊन माझ्याकडे काय उरेल? नऊच्या नऊ जण उद्या तेच करतील. पडद्यामागे देते, साक्षीला एक जण या."

"मी येतो," हुदाबेर्दी म्हणाला. "घरचा आहे. पाणी घरातच राहील."

उस्तांना हे पटलं. का नाही पटणार? हेलिचेमने क्षणभर त्याच्या तोंडाकडे पाहिलं, आणि नाही म्हणावं असं तिला वाटलं. पण नाही म्हणाली असती तर सगळे म्हणाले असते की घाबरली. "ये," ती म्हणाली. "डोळे नीट उघडे ठेव."

शेजारच्या भट्टीतून कोरं पातं आलं. पडदा पडला. तिने भाता ओढला, पातं जर्दाळूच्या लाकडाच्या निखाऱ्यात घातलं, लाल झालं तसं धारेकडून कोमट मिठाच्या पाण्यात धरलं, वर काढलं, दगडावर चटकन घासून चकचकीत केलं. आता रंग चढायला लागणार. हुदाबेर्दी तिच्या खांद्यावरून वाकून बघत होता. त्याचा श्वास तिच्या मानेला लागत होता. पहिला पिवळा आला तेवढ्यात त्याने कोपराने पडदा ढकलला. उन्हाचा पट्टा सरळ पात्यावर पडला आणि रंग पार धुऊन गेला.

"चुकून लागला," तो म्हणाला.

हेलिचेमने पाठ फिरवली, आपल्याच सावलीत पातं धरलं, नाक पात्याला लागेल इतकी वाकली. मोजकेच श्वास गेले असतील. मग पातं चरबीत गेलं आणि चर्र आवाज झाला.

हुदाबेर्दी आधी बाहेर पडला. "पाहिलं सगळं. मीठ, चरबी, भलतेच प्रकार आहेत. पाणी चुकलंय, आखूनम. रंग हुकला. हे पातं मऊ पडणार."

"तू पडदा ढकललास!" हेलिचेम मागून ओरडली. "सगळ्यांनी पाहिलं ऊन आत गेलेलं!"

पाहिलं होतं सगळ्यांनी. बोललं कुणी नाही.

सोपी आखूनांनी एक खिळा मागवला, ऐरणीवर आडवा ठेवला, त्यावर धार टेकवली आणि लाकडी मोगरीने पाठीवर एकच ठोका घातला. खिळ्याचे दोन तुकडे उडाले. म्हाताऱ्याने धारेवरून अंगठ्याचं नख फिरवलं. खळगा नाही, टवका नाही. त्यांनी पातं शेजारच्याला दिलं, त्याने पुढच्याला. पोलो कढईत करपत होता आणि कुणाचं लक्ष नव्हतं.

"पाणी बारातच्या तोडीचं आहे," शेवटी सोपी आखून म्हणाले. "बारातचंच आहे. म्हणजे... हिचंच आहे."

हेलिचेमच्या डोळ्यांत पाणी तरारलं. तीस वर्षांत या गल्लीने तिच्याबद्दल बोललेलं हे पहिलं चांगलं वाक्य होतं. ती शिक्का घ्यायला खाली वाकली.

"थांब," म्हातारा म्हणाला. "बाईच्या नावावर शिक्का कधी गेला नाही, आणि माझ्या हातून जाणार नाही. पण तुझ्यावर अन्यायही नको. शिक्का हुदाबेर्दीने घ्यावा. पाणी तू दे. पडद्यामागे, पूर्वी देत होतीस तसंच. कुणी काही विचारणार नाही, आणि इथलं बोलणं इथेच राहील. बारातचं नावही राहील, तुझी भाकरीही."

"योग्य! योग्य!" सगळ्यांनी दाढ्या कुरवाळल्या. प्रत्येकाचा चेहरा असा मोकळा झाला की जणू मोठं पुण्य पदरात पडलं. हुदाबेर्दीने तर छातीवर हात ठेवून मान लववली. "येंगेने काही काळजी करू नये."

म्हणजे तिला येत नाही असं कुणाचंच म्हणणं नव्हतं! येत होतं, हे सगळ्यांनी हातात घेऊन पाहिलं होतं. तिने फक्त पुन्हा अंधारात जाऊन बसायचं होतं, आणि या वेळी बाहेर कोण उभं राहणार, तर हा. तळपायाची आग तिच्या मस्तकाला गेली. पण आवाज तिने मऊ ठेवला.

"आखूनम, शिक्का एकदा मला द्या. या पात्यावर शेवटचा मारते. मग घेऊन जा."

"मार, मार," हुदाबेर्दी उदारपणे म्हणाला.

ती भट्टीपाशी गेली आणि शिक्का पात्यावर न ठेवता निखाऱ्यांत ठेवला. भाता ओढायला लागली. दोन-तीन दमांत कुणाच्या ध्यानात आलं नाही. मग एक उस्ता म्हणाला, "शिक्का कशाला तापवतेय ही?" आणि सगळेच उठले. तोवर शिक्का लाल झाला होता. हुदाबेर्दी धावला. तिने सांडशीत धरलेला तो लाल शिक्का त्याच्या दाढीसमोर धरला.

"ये ना. ये पुढे."

तो थांबला. तिने शिक्का ऐरणीवर टेकवला, दुसऱ्या हाताने हातोडा उचलला. पहिल्या घावात चंद्र गेला. ठिपक्यांना आणखी दोन घाव लागले. मग ते नुसतं एक चपटं लोखंड राहिलं.

"अगं, काय केलंस हे!" सोपी आखून ओरडले. "नवऱ्याचं नाव मारलंस!"

"सहा वर्षं मीच राखलं होतं ते, आखूनम." आता ती रडत होती आणि रडू पुसतही नव्हती. "त्यांच्यासाठी बसले पडद्यामागे. आवडत होते मला ते, म्हणून बसले. रोज बसले असते. ह्याच्यासाठी बसू? ह्याच्या पत्र्यांवर त्यांचा चंद्र? त्यापेक्षा तो माझ्या हातून गेलेला बरा."

"गेला तर गेला!" हुदाबेर्दी ओरडला. त्याचं तोंड पांढरं पडलं होतं. "आठवड्यात तसाच नवा पाडून घेईन. तुझी गरज काय आहे? पाणी मी पाहिलंय आत, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मीठ पाहिलं, चरबी पाहिली."

"पाहिलंस?" हेलिचेमने हातोडा खाली ठेवला. "खिळा तोडणारं पातं मऊ पडणार म्हणालास तो तूच ना? मग सांग या सगळ्यांना. मी कुठल्या रंगाला थांबले?"

नऊ उस्ता त्याच्याकडे बघत होते, आणि पहिल्यांदाच ते तिच्यासाठी नाही, स्वतःसाठी बघत होते. उत्तर त्यांनाही हवं होतं. हुदाबेर्दीने ऐरणीवरच्या पात्याकडे नजर टाकली. चरबीत ते काळंभोर झालं होतं.

"सांग ना," ती म्हणाली. "आत माझ्या मानेवर उभा होतास."

"निळ्याला," हुदाबेर्दी म्हणाला.

निळ्याला पातं मरतं, हे भाता ओढणाऱ्या पोरालाही ठाऊक असतं. कुणी हसलं नाही. सोपी आखूनांनी रिसाला पिशवीत घातला, उठले, आणि न जेवताच दाराकडे चालू लागले.